फोन अनलॉक आहे, पण वाजत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातून फोन मागवला तर किती स्वस्त पडतो त्यावर जवळजवळ अख्खं पान आलं होतं. आमच्या ह्यांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ते लिहिलंय. त्या पानावर अगदी खाली एक वाक्य होतं, फोन अनलॉक आहे याची खात्री करून घ्या म्हणजे झालं. संपादक साहेब, ते "म्हणजे झालं" वाचलं आणि मी पेन हातात घेतलं, कारण माझ्याकडे असा एक अनलॉक फोन गेलं जवळजवळ वर्षभर आहे आणि तो काय काय करतो ते सांगायला एक पान मलाही लागेल.

आमचं गुहागरला घर आहे, समुद्राच्या बाजूला, मागच्या आगरात आम्ही चार खोल्या काढल्यात आणि पर्यटकांना देतो, जेवणखाणाचं सगळं मीच बघते. सीझनला कोकम सरबत, आमसुलं, आंबापोळी असं थोडं थोडं विकते पण. सांगायचा मुद्दा हा की आमचा सगळा धंदा एका मोबाईल नंबरवर चालतो. गेटवरच्या पाटीवर तोच, गूगलवर तोच, चिपळूणच्या रिक्षावाल्यांच्या डायरीत तोच. तो नंबर वाजला तर चूल पेटते.

मागच्या दिवाळीत मुलगी आणि जावई न्यू जर्सीहून आले. जावयांनी स्वतःचा फोन मला दिला, वर्षभर वापरलेला पण दिसायला नवाकोरा, कॅमेरा तर असा की आमच्या पडवीतलं जुनं पितळी घंगाळ पण त्यात देवळातलं वाटतं. "आई, हा अनलॉक करून देतो, मग कुठलंही सिम टाका." हे त्यांचे शब्द. आता जावयाने प्रेमाने दिलेली वस्तू, तिला नावं ठेवायची म्हणजे किती जिवावर येतं ते मुली दिलेल्या बायकांना सांगायला नको.

सिम टाकलं तर स्क्रीनवर आलं की हे सिम या फोनमध्ये चालणार नाही. मग कळलं की तिकडे फोन बहुतेक हप्त्यावर घेतात, तोही मोबाईल कंपनीकडूनच, आणि हप्ते फिटेपर्यंत फोन त्या कंपनीच्या दावणीला बांधलेला असतो. आपल्याकडे हे फारसं नाही म्हणून आपल्याला समजत नाही. आपल्याला सवय एकच, खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण कुठल्याही बाटलीला बसतं तसं कुठलंही सिम कुठल्याही फोनमध्ये. अपवाद म्हणजे २००३ साली रिलायन्सचे ते ५०१ रुपयेवाले सीडीएमए फोन आले होते, आमच्या दिरांनी घेतला होता, तो दुसऱ्या कुणाच्या लाइनवर चालायचा नाही, आणि अलीकडे तो १५०० रुपये डिपॉझिटवाला जिओफोन. बाकी २०११ च्या जानेवारीपासून तर नंबरही तोच ठेवून कंपनी बदलता येते. तिकडे मात्र गंमतच होती. २०१३ च्या जानेवारीत तिथे स्वतःच्या पैशाने घेतलेला नवा फोन कंपनीला न विचारता अनलॉक करणं कॉपीराइटच्या कायद्याखाली गुन्हा ठरलं होतं, म्हणजे गाणं चोरणं आणि आपल्याच फोनचं कुलूप काढणं एकाच पारड्यात! लाखावर लोकांनी व्हाइट हाऊसकडे सह्या पाठवल्या तेव्हा कुठे ऑगस्ट २०१४ मध्ये ओबामांनी सही करून तो कायदा बदलला. हे सगळं मला मुलीने फोनवर सांगितलं, त्या वेळी मी लसूण सोलत होते आणि मला वाटलं चला, म्हणजे आता प्रश्न मिटला.

जावयांनी उरलेले हप्ते एकदम भरले, अर्ज केला, आणि जानेवारीत फोन उघडला. तोपर्यंत तो माझ्या कपाटात साडीच्या घडीत होता. सिम टाकलं, चार दांड्या आल्या, व्हॉट्सॅप सुरू, यूट्यूब सुरू, मुलीला व्हिडिओ कॉल केला, ती म्हणाली आई किती क्लिअर दिसतेस. आमच्या ह्यांनी गूगलवर घराचे नवीन फोटो टाकले. सगळं झकास.

फक्त फोन वाजेना.

म्हणजे अगदीच वाजत नव्हता असं नाही. अंगणात तुळशीपाशी उभी राहिले तर वाजायचा, स्वयंपाकघरात नाही. आणि वाजला की वर जे ४जी लिहिलेलं असतं त्याचं लगेच इंग्रजी ई व्हायचं, आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि बोलणं चालू असताना नेट बंद. समोरचा म्हणायचा काकू लोकेशन पाठवा, मी म्हणायचे फोन ठेवा मग पाठवते. एप्रिलच्या शेवटी एक दिवस रात्री नऊ वाजता गेटपाशी गाडी थांबली, सांगलीचं कुटुंब, दोन लहान मुलं, एक म्हातारी आजी गाडीत बसल्या जागी झोपलेली. तो माणूस खाली उतरून म्हणाला, "अहो काकू, दुपारी चारपासून तुम्हाला फोन लावतोय, सारखं बाई सांगतेय संपर्क क्षेत्राच्या बाहेर." चारही खोल्या गेलेल्या होत्या, मी त्यांना पिठलंभात करून घातला आणि शेजारी आमच्या जाऊबाईंकडे सोय केली, पण ते गेल्यावर मी फोन घेऊन नाक्यापर्यंत चालत गेले तर तिथे टुणटुण करत मिस्ड कॉलचे अकरा मेसेज पडले. अकरा. त्यातले सात सांगलीवाल्यांचे, बाकीचे चार कोण ते आजपर्यंत कळलं नाही, कारण मी परत लावले तेव्हा त्यांनी दुसरीकडे बुकिंग केलेलं होतं.

नेटवर्क कंपनीला फोन केला. (यांचा जुना फोन घेऊन, माझ्यावरून लागतोय कुठे.) त्या पोरीने फार गोड आवाजात सांगितलं की आमचं नेटवर्क तुमच्या भागात उत्तम आहे, प्रॉब्लेम हँडसेटचा आहे, कंपनीशी बोला. फोनच्या कंपनीला मेल केला तर चार दिवसांनी उत्तर, मॉडेल भारतात विकलेलं नाही, नेटवर्क देणाऱ्या कंपनीशी संपर्क साधावा. मग परत नेटवर्क कंपनी. लग्नात वरमाय आणि वधूमाय यांच्यात आहेराची साडी फिरते ना, अगदी तसा माझा प्रश्न इकडून तिकडे फिरत होता, उघडून कुणी बघत नव्हतं.

शेवटी चिपळूणला भाच्याकडे गेले. त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, बाजारपेठेत. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्याच्या दुकानातलं सगळं गेलं होतं, माळ्यावर ठेवलेले फोनसुद्धा, तरी पोराने परत उभं केलंय. तो फोन हातात घेऊन दोन मिनिटात म्हणाला, "आत्या, याला व्होल्टी नाहीये."

आता व्होल्टी म्हणजे काय हे मला त्याने ज्या भाषेत सांगितलं त्याच भाषेत सांगते. पूर्वी फोनवर बोलणं वेगळ्या रस्त्याने जायचं आणि नेट वेगळ्या रस्त्याने. ४जी आलं ते मुळात नेटचा रस्ता, त्यावरून बोलणं पाठवायचं तर फोनला ते यावं लागतं, त्याला व्होल्टी म्हणतात. जिओ सप्टेंबर २०१६ ला आलं ते फक्त ४जी घेऊनच, त्यांच्याकडे जुना रस्ताच नाही. एअरटेलने २०२० च्या सुमाराला आपलं ३जी बंद करत आणलं. म्हणजे आता ज्या फोनला व्होल्टी नाही तो कॉल आला की धडपडत थेट २जी वर उतरतो, तिथून ते ई, आणि जिथे २जी ची रेंज पातळ तिथे कॉल येतच नाही. आमच्या स्वयंपाकघरात ती पातळ आहे, चिऱ्याच्या भिंती आहेत दीड हाताच्या.

मी म्हटलं अरे पण एवढा महागडा फोन आणि त्याला हे येत नाही? तर तो हसायला लागला. म्हणाला येतं की, अमेरिकेत रोज करत होता हा. पण प्रत्येक नेटवर्कसाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी सेटिंगची फाइल असते, ती फोनवाले आणि नेटवर्कवाले मिळून तपासून पास करतात आणि मग त्या नेटवर्कवर व्होल्टीचं बटण दिसतं. जिथे मॉडेल विकायचंच नाही तिथली फाइल पास कोण करत बसणार. त्यामुळे मशीनला सगळं येतंय, हवेत सिग्नल आहे, सिममध्ये पैसे आहेत, आणि मधल्या एका फाइलमध्ये आमच्या कंपनीचं नाव नाही म्हणून बटण गायब. मी म्हटलं बरं, घरी वायफाय आहे, त्यावरून कॉल येतात म्हणतात ना, ते तरी? आपल्याकडे ते एअरटेलने २०१९ च्या डिसेंबरात आणि जिओने त्यानंतर महिन्याभरात सुरू केलंय हे खरं, पण त्यालाही तीच फाइल लागते.

आमच्या जुन्या घराच्या दाराला बाहेरून कुलूप असतं आणि आतून लाकडी अडसर. जावयांनी पैसे भरून बाहेरचं कुलूप काढून दिलं, ते अगदी खरं, त्यांचा काही दोष नाही. पण आतला अडसर तसाच आहे आणि तो काढायचा कुणी हे घरातल्या दोन्ही माणसांना माहीत असून एकजण म्हणतो मी नाही लावला आणि दुसरा म्हणतो मी या घरात राहतच नाही. माझी तक्रार ही आहे. "अनलॉक" हा शब्द फक्त बाहेरच्या कुलपाबद्दल बोलतो आणि विकणारे, लिहिणारे, सांगणारे सगळे तो असा वापरतात की जणू दार सताड उघडं आहे.

आणि हे फक्त अमेरिकेतून इकडे येतानाच होतं असं समजू नका, उलटही होतं. आमच्या विहीणबाई २०२२ च्या उन्हाळ्यात नातवाच्या बारशाला न्यू जर्सीला गेल्या. इथून जाताना पुण्यात नवा ४जी फोन घेऊन गेल्या होत्या, दोन सिमवाला, अनलॉकच की तो. पण त्या वर्षी तिकडे जुनं ३जी बंद करायची घाई चाललेली, एटी अँड टीने २२ फेब्रुवारीला बंद केलं, टी-मोबाईलने जुलैत, व्हेरायझनने वर्षाच्या शेवटी. म्हणजे तिथेही बोलायचं तर व्होल्टीच पाहिजे आणि कुठल्या फोनला ते मिळेल ते ठरवायला कंपन्यांच्या याद्या. विहीणबाईंनी ज्यांचं सिम घेतलं त्यांनी मशीनचा नंबर तपासून सांगितलं की मशीन चांगलं आहे हो, पण यादीत नाही. सहा महिने त्या माउली नातवाला मांडीवर घेऊन सुनेच्या फोनवरून पुण्याला बोलत होत्या. नवा फोन फक्त सकाळच्या अलार्मसाठी.

असो. तर माझा भाचा. त्याने फोन लॅपटॉपला जोडला, कुठलं तरी अ‍ॅप टाकलं, काळ्या स्क्रीनवर काहीतरी टाइप केलं, आणि अर्ध्या तासाने ते बटण आलं! दुकानातूनच मी ह्यांना फोन लावला, वर ४जी चं ४जीच राहिलं, आवाज असा की ह्यांच्या मागे कावळा ओरडतोय तेही ऐकू आलं. भाचा म्हणाला आत्या हे आपण दारातून नाही, कौलं काढून आत शिरलोय, किती दिवस टिकेल सांगता येत नाही. मी काही ते मनावर घेतलं नाही. मे महिना सोन्यासारखा गेला. जून जुलै आमच्याकडे तसंही कुणी येत नाही, पाऊस.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात, रात्री झोपताना फोन चार्जिंगला लावला. सकाळी बघते तर स्क्रीनवर लिहिलेलं, तुमचा फोन अपडेट झाला आहे. मी कुठेही हो म्हटल्याचं मला आठवत नाही, कदाचित आदल्या दिवशी पोळ्या करताना पिठाच्या बोटाने काही दाबलं गेलं असेल. दिसायला सगळं नवं, घड्याळाचे आकडे जाडे झालेले, बॅटरीचं चित्र बदललेलं, आणि पहिल्याच कॉलला वर काय? ई. अपडेटने माझी कौलं परत शाकारून टाकली होती. भाच्याला सांगितलं तर म्हणाला आता ती फटच बुजवलीय त्यांनी, सिक्युरिटीसाठी. मला सिक्युरिटी पटते, उद्या कुणी चोरही त्याच फटीतून आत येईल हे मलाही कळतं. पण मग दार द्या ना. त्या चतुर्थीला चिपळूणच्या एका घरून दरवर्षी एकशे एक मोदकांची ऑर्डर असते, त्या बाई दोन दिवस फोन करत होत्या आणि शेवटी दुसऱ्यांना सांगितलं. एकशे एक मोदक म्हणजे फक्त पैसे नाही हो, नऊ वर्षं त्यांच्या गणपतीपुढे माझ्या हातचे मोदक जात होते.

पुढे कुणीतरी सुचवलं सिम जुनं झालंय, नवं घ्या. घेतलं. त्याने ई गेलं नाहीच, वर चोवीस तास एकही मेसेज येईना. गॅसचा ओटीपी नाही, बँकेचा नाही, दारात मासळीवाली उभी आणि पैसे पाठवता येईनात. तेव्हा कळलं की सिम बदललं की चोवीस तास एसएमएस बंद ठेवायचा नियम आहे, नोव्हेंबर २०२२ पासून, डुप्लिकेट सिम काढून लोकांची खाती रिकामी करतात म्हणून. नियम चांगलाच आहे. पण नवं सिम हातात देताना एक वाक्य सांगायला काय होतं? पन्नास रुपये घेतलेत ना?

अपडेटबद्दल अजून थोडं, कारण हे दुखणं परदेशी फोनचंच नाही. आमच्या ह्यांचा फोन अस्सल देशी दुकानातला, बारा हजारांचा, पावती आहे. त्याला दीड वर्ष अपडेट आले, मग बंद. कंपनीने पत्र नाही पाठवलं की बाबांनो आजपासून आम्ही तुम्हाला सोडलं, आपोआपच यायचे थांबले. आणि आता बँकेचं अ‍ॅप म्हणतंय तुमचं अँड्रॉइड जुनं आहे, पुढच्या महिन्यापासून चालणार नाही. फोन पडला नाही, भिजला नाही, काचेला चरा नाही, बॅटरी दिवसभर जाते. अहो मिक्सर वीस वर्षं वापरला मी.

माझ्या भाच्याच्या काउंटरवर तर याहून मजा. २०२०-२१ मध्ये लोकांनी खोक्यावर मोठ्ठं ५जी लिहिलेले फोन घेतले, तेव्हा देशात ५जी नव्हतंच. १ ऑक्टोबर २०२२ ला पंतप्रधानांनी सुरू केलं, आणि लोक दुकानात भांडायला आले की खोक्यावर ५जी आहे मग येत का नाही. कारण काय, अपडेट नाही! मशीनमध्ये सगळं होतं पण सॉफ्टवेअरने बटण बंद ठेवलेलं, सरकारला फोन कंपन्यांना बोलावून सांगावं लागलं की लवकर द्या. आयफोनवाल्यांनासुद्धा डिसेंबरच्या मध्यापर्यंत थांबावं लागलं. परत त्यातही जिओचं ५जी एका पद्धतीचं, एअरटेलचं दुसऱ्या, काही फोन एकावर चालतात आणि दुसऱ्यावर अडतात. तेव्हाही तीच साडी फिरत होती, फोनवाले म्हणत नेटवर्कवाल्यांची परवानगी नाही, नेटवर्कवाले म्हणत फोनवाले अपडेट देत नाहीत, आणि मधे शिव्या माझा भाचा खात होता ज्याने फक्त कव्हर आणि काच विकली.

आता माझं म्हणणं. मी कोकम सरबताची बाटली विकते, दीडशे रुपयांची. तिच्यावर मला चौदा आकडी लायसन नंबर छापावा लागतो, आत काय काय आहे ते, वजन, बनवल्याची तारीख, किती महिन्यात वापरायचं, किंमत, माझं नाव पत्ता. एकदा छापखान्यातून तारखेचा शिक्का पुसट आला तर दुकानदाराने सगळी खोकी परत पाठवली, आणि बरोबर केलं त्याने. मग तीस हजाराच्या, लाखाच्या फोनवर एवढं का नाही लिहीत की भारतातल्या कुठल्या कुठल्या नेटवर्कवर याच्यावरून बोलता येईल, ५जी कुणाकुणाचं चालेल, आणि अपडेट कुठल्या महिन्यापर्यंत येतील? वापरण्याची मुदत माझ्या आमसुलांना आहे तशी त्या फोनलाही आहेच, फक्त माझी बाटलीवर आहे आणि त्यांची त्यांच्या पोटात.

हे जमत नाही असं कुणी सांगू नये. गूगलने २०२३ च्या ऑक्टोबरात आपल्या नव्या पिक्सेलला सात वर्षं अपडेट देऊ असं जाहीर केलं, सॅमसंगने तीन महिन्यांनी त्यांच्या एस२४ ला तेच सांगितलं, म्हणजे महागड्या फोनचा आकडा त्यांना सांगता येतो. युरोपात तर २० जून २०२५ पासून नियमच झालाय, मॉडेलची विक्री थांबल्यावरसुद्धा निदान पाच वर्षं अपडेट द्यायचे, आणि खोक्याबरोबर आपल्या फ्रिजवर असतं तसलं लेबल. इटलीने २०१८ मध्ये अ‍ॅपलला दहा दशलक्ष युरो आणि सॅमसंगला पाच दशलक्ष युरो दंड केला होता, का तर अपडेट देऊन जुने फोन मंद केले म्हणून. तिकडची माणसं काही आपल्यापेक्षा जास्त फोन घेत नाहीत.

आपल्याकडेही अगदी काहीच नाही असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे याचे गुण द्यायचे म्हणून एक समिती नेमली होती, तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिलाय, त्यात मोबाईल आहेत आणि गुण देताना सॉफ्टवेअर अपडेटही धरलेत असं वाचलं. चांगलं आहे. फक्त त्यात नेटवर्कचं काही मला दिसलं नाही. ज्यांच्या हातात ते आहे त्यांच्यापर्यंत हे पत्र जाईल तर बघा, एक ओळ वाढवा म्हणावं, आणि विकलेला फोन असो की आणलेला, जो फोन सरकारी परवानगीच्या नेटवर्कवर नेट चालवतो त्याला त्याच नेटवर्कवर बोलू द्यावं, कुठल्या यादीत नाव आहे की नाही ते बघत बसू नये. हो, आणखी एक, तुमच्या पुरवणीतल्या ज्या कुणी ते पान लिहिलं त्यांनी पुढच्या वेळी "अनलॉक" च्या पुढे दोन ओळी जास्त लिहाव्यात. शेजारच्या घरात मुलाने अमेरिकेतून आयफोन आणलाय, तिकडच्या आयफोन १४ पासून पुढच्यांना सिमची खाचच नसते, सगळं ई-सिम, म्हणजे सिम फोनच्या आतच भरलेलं. ते आजोबा दोन दिवस सिमची पिन घेऊन भोक शोधत होते.

सध्या काय चाललंय ते सांगते आणि थांबते. बुकिंगचा नंबर मी एका चौदाशे रुपयांच्या बटणवाल्या फोनमध्ये टाकलाय. चिपळूणच्या दुकानात भाच्याने डब्यातून काढून दिला, चायनीज का कुठला, पण त्याला व्होल्टी आहे! स्वयंपाकघरात, न्हाणीत, अगदी विहिरीच्या मागेसुद्धा खणखणीत वाजतो, आवाज इतका मोठा की आमचा मोती भुंकतो. जावयांचा फोन वायफायवर पडवीत असतो, त्याच्यावर पाहुण्यांना फोटो दाखवते आणि मुलीशी बोलते.

दिवाळीला ते दोघं परत येतायत. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर जावयांनी विचारलं, काय आई, फोन कसा चाललाय, तर मी म्हटलं एकदम मस्त. तेव्हा माझी एक विनंती आहे. तुमचा पेपर ते तिकडे रोज मोबाईलवर वाचतात. पत्र जरूर छापा, पण खाली माझं नाव घालू नका, आणि जमलं तर मोदकांचा आकडाही बदला, मुलगी ओळखेल.

आपली,
एक वाचक, गुहागर